आवाज देणारी माणसं



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९

या श्लोकात भगवंत आपल्या भक्तांची ओळख सांगतात. त्यांचं चित्त माझ्यात असतं, प्राण माझ्यात असतात; ते एकमेकांना बोध करतात, माझ्याबद्दल बोलत राहतात आणि त्यातच तृप्त होतात, रमतात.

लक्षात घ्या, इथे भक्त एकटा नाही. सगळं अनेकवचनात आहे. आणि 'बोध' या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे जागं होणं. म्हणजे नुसता उपदेश नाही. एकमेकांना जागं ठेवणं.

माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्यात इथे फार गोड दृष्टान्त येतो. जवळजवळची तळी भरून उचंबळली की पाणी एकमेकांत मिसळतं आणि लाटांना राहायला लाटांचंच घर होतं.

हे वाचताना मला कळंबची मंडळी आठवतात. माझे मोठे काका एका लिफ्ट कंपनीत फिटर होते. त्यांच्यासोबत काम केलेले, आता निवृत्त झालेले दहा-बारा जण यंदा कळंबला भेटले. यवतमाळहून नागपूरकडे जाताना हे गाव लागतं. इथलं श्रीचिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. जन्मभर लोकांना वर नेण्याचं काम केलं आणि दर्शनाला मात्र खाली उतरायचं! गुडघे कुरकुरत होते, म्हणून एकमेकांचे हात धरून उतरले. कोण कोणाचा साहेब होता आणि कोण हेल्पर, ते त्या पायऱ्यांवर ओळखू येत नव्हतं.

त्यातले एक जण यायलाच तयार नव्हते. वर्षभरापूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून घराबाहेर पडणं बंद. फोनवर म्हणाले, "कायले येऊ बाप्पा मी? आता काय रायलं?" मग दोघे जण गाडी घेऊन थेट त्यांच्या दारात.

कळंबला कुणीही त्यांचं सांत्वन केलं नाही. आत्मा अमर आहे वगैरे काही नाही. जेवताना जुन्या एका इमारतीची गोष्ट निघाली. मशीन बंद होती, सामान हाताने दोर ओढून सात मजले चढवलं होतं, असं कोणीतरी सांगत होतं. इतका वेळ गप्प असलेले ते गृहस्थ एकदम म्हणाले, "सात नाही, नऊ! अन् दोर मी ओढला होता. तू तं खाली चहा पेत होता!" सगळे हसले. ते पण हसले. वर्षभरात पहिल्यांदा, असं त्यांचा मुलगा नंतर काकांना म्हणाला.

काकांनी मला त्यांच्या कामातला एक नियम सांगितला. लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करताना एक माणूस गाडीच्या टपावर असतो, दुसरा वर मशीन रूममध्ये. एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून गाडी हलवण्याआधी एकाने ओरडून सांगायचं, "वर घे!" दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे. उत्तर आलं नाही, तर गाडी जागची हलवायची नाही. अंधारात जीव त्या आवाजावर असतो.

मला वाटतं, श्लोकातला बोध तो हाच. आवाज देणं, आणि उत्तर येईपर्यंत थांबणं. दारात गेलेले ते दोघे जुनाच नियम पाळत होते. इकडून उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपली गाडी पुढे नेली नाही.

आता कोणी विचारेल, श्लोकात भक्त भगवंताबद्दल बोलतात. लिफ्टच्या गप्पांना सत्संग कसं म्हणायचं? प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक गेट-टुगेदर सत्संग नसतं. कोणाचं पॅकेज किती, कोणाचा फ्लॅट कुठे, यात रात्र गेली तर आपण आणखी झोपूनच घरी येतो. पण याच अध्यायात पुढे, २०व्या श्लोकात, भगवंत सांगतात की सर्व भूतांच्या हृदयात राहणारा आत्मा मीच आहे. मग मिटलेल्या माणसाच्या हृदयाला हाक मारली, तर ती कोणाला पोचली? खूण एकच : भेटीनंतर समोरचा माणूस थोडा जागा झाला का?

आपण आयटीतली मंडळी कंपन्या भराभर बदलतो. ले-ऑफ झाला की माणूस आधी ग्रुपवर गप्प होतो, मग एक दिवस 'लेफ्ट' दिसतं. आपण म्हणतो, बिझी असेल.

आजची साधना छोटी आहे. जुन्या टीममधलं असं एक नाव आठवा, जे बरेच दिवस गप्प आहे. फॉरवर्ड नको, इमोजी नको. फोन करा. उचलला नाही तर उद्या पुन्हा करा. आणि उचलला, तर उपदेश न करता आधी ऐका. नंतर दोन मिनिटं शांत बसून त्याच्यासाठी नाम घ्या.

राम कृष्ण हरी 🙏