आदर की दरारा?

ज्ञानमंदिर हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, मंदिर म्हटले म्हणजे त्यास उंबरठाही आला, याचे आपणांस भान राहत नाही. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टातील जुन्या ग्रंथालयाच्या जिन्यापाशी आम्हांस ते भान आणून दिले, आहुप्याच्या एका तरुण विद्यार्थ्याने.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेले गाव. तेथील देवराई पाहावयास आम्ही गेलो असता ज्या महादेव कोळी कुटुंबात आमचा मुक्काम पडला, त्या घरचा हा मुलगा. पुढे तो शिक्षणासाठी मुंबईस आला, तेव्हा राजाबाई मनोऱ्याजवळचे हे वाचनालय दाखविण्याचे दिलेले वचन पाळण्याचा योग आला. जिन्याच्या पहिल्याच पायरीशी तो थबकला आणि त्याने पायांतील वहाणा काढल्या. आम्हांस प्रथम हसू आले. मग मनात प्रश्न उभा राहिला, हा आदर की दरारा?

दोहोंचे बाह्य रूप एकच असते. दोन्ही माणसाचा आवाज खाली आणतात, मान लववितात. परंतु आदर आपलेपणातून उपजतो आणि दरारा परकेपणातून. देवाच्या रानातील वाळकी काटकीही घरी न्यावयाची नाही, हा देवरायांचा जुना दंडक. आहुप्याचा मुलगा तो पाळतो, कारण ते रान त्याच्याच वाडवडिलांनी राखलेले आहे. ग्रंथालयाशी त्याचे असे कोणते नाते?

ही वास्तू उभी राहिली तीच मुळी दुरून आलेल्या पैशावर आणि दुरून आलेल्या कल्पनेवर. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला असता, 1864 साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लक्ष व मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये विद्यापीठास दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी यादवी संपली, तेजी कोसळली आणि कित्येक घरे बुडाली. त्यांत दातेही सापडले. आराखडे काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधी आलेच नाहीत. 1869 साली आरंभलेले काम 1878 साली पुरे झाले. उंच छत, चक्राकार जिने, रंगीत काचांतून गाळून येणारा प्रकाश, या साऱ्यांत बसले म्हणजे आपले अज्ञानही आपणांस जरा मोठे वाटू लागते! मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पाषाणपुतळे आहेत. लोक दगडाचे होऊन बाहेर उभे, आणि त्यांच्याविषयीची पुस्तके आत, असा हा देखावा आहे.

मग भव्यता हीच दोषी काय? विद्येस साधी पडवी पुरे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आम्हांस ते पटत नाही. विद्यापीठ ज्या 1857 साली स्थापन झाले, त्याच साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील घुमटाकार वाचनालय उघडले. पुढे तेथे डॉ. आंबेडकर दिवसचे दिवस वाचीत बसत. ज्या देशात तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 साली महाडास सत्याग्रह करावा लागला, त्या देशाच्या या पुत्रास तो घुमट दडपू शकला नाही. कारण तो आपला प्रश्न घेऊन आत गेला होता. भव्यता पाहावयास जाणारा दबतो. काही विचारावयास जाणारा तिचा उपयोग करतो.

याचा प्रत्यय आम्हांस त्याच दिवशी आला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील 1885 सालचा भाग आम्ही त्या मुलापुढे ठेवला. त्यात कोळ्यांविषयी जे लिहिले आहे, ते तो बोट ठेवून सावकाश वाचू लागला. वाचता वाचता त्याची पाठ ताठ झाली. मान वर करून त्याने विचारले, ‘‘काका, यात आम्ही आहोत, पण बोलतंय दुसरंच कुणी. याला आमच्यातल्या कुणी उत्तर लिहिलंय का?’’ शांततेचा नियम मोडण्याइतका त्याचा आवाज चढला होता. आसपासच्या दोघातिघांनी माना वळविल्या. त्याला गप्प करण्याचे मात्र आमच्या मनात आले नाही.

आम्हां सुशिक्षितांचे कर्तव्य येथे सुरू होते. 2018 साली मुंबईच्या या वास्तुसमूहास जागतिक वारशाचा मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु वारसा म्हटला की वारस कोण, हेही ठरवावे लागते. दगड आणि काचा जतन करणे सोपे. दारात थबकणाऱ्यास ‘ये, हे तुझे आहे, आणि येथे जे उणे आहे ते तू लिही’ असे सांगणे कठीण. कारण तो जे लिहील, ते आम्हांस रुचेलच असे नाही.

परत निघताना जिन्याखाली त्याने वहाणा घातल्या. पुन्हा आला तर तो त्या काढील की नाही, हे आम्ही विचारले नाही. काढल्या तरी त्या आता दराऱ्यापोटी नसाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे.