वाचायची परवानगी

कार्बुरेटर ही तशी अडाणी वस्तू. सेन्सर नाही, मेमरी नाही. हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तिथं हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. वडिलांच्या 1998च्या स्प्लेंडरचा कार्बुरेटर खोलला तेव्हा मला या अडाणीपणाचा हेवा वाटला. गाडी बरेच महिने उभी होती, त्यामुळे पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर पायलट जेटमध्ये बसला होता. त्यात जाड तार खुपसायची नसते. भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवून, हवा मारून जेट उजेडासमोर धरलं. टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश आरपार दिसला. मी सॉफ्टवेअर लिहितो. दुरुस्तीचा इतका सरळ पुरावा माझ्या कामात क्वचितच मिळतो.

पण अशा स्मरणरंजनात थोडी लबाडी असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. कार्बुरेटर हे प्रमाण ढोबळमानानं सांभाळतो. घाटात हवा विरळ झाली तरी त्याला पत्ता नसतो, आणि अर्धवट जळलेलं इंधन मागून येणाऱ्याच्या फुप्फुसात जातं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळपास हद्दपार झाला, ते योग्यच झालं. माझ्या हातांचं समाधान दुसऱ्याच्या श्वासापेक्षा मोठं नाही.

मग हळहळ कशाची? इंजेक्शनबरोबर आलेल्या कुलपाची. इंजिनातल्या संगणकाला काय खुपतंय, ते अनेकदा कंपनीच्या यंत्रालाच कळतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा वीस वर्षं तयार झालेला कान तिथं बाद ठरतो. स्वच्छ हवेसाठी इंधनाचं माप अचूक लागतं, ही भौतिकशास्त्राची अट आहे. ते माप गाडीच्या मालकापासून लपवणं हा मात्र कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. आपण दोन्हींना ‘प्रगती’ म्हणतो आणि निर्णय घेणारे त्या शब्दाआड सुटतात.

सगळं खुलं केलं तर लोक छेडछाड करून धूर वाढवतील, हा आक्षेप खोटा नाही. पण वाचू देणं आणि बदलू देणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे माझ्या धंद्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. त्यातली पहिली तरी गाडीच्या किल्लीबरोबरच मालकाच्या हातात पडायला हवी.