पायांचा फोटो

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनबाहेर भिंतीवर मी काढलेला एक फोटो लावलाय. तीन फूट बाय दोन फूट, कॅनव्हासवर, ब्लॅक अँड व्हाइट. भेगाळलेल्या टाचा, धुळीने माखलेली पावलं, एका अंगठ्याला बांधलेली चिंधी. खाली लिहिलंय ‘श्रद्धा’ आणि त्याखाली माझं नाव. ऑफिसच्या फोटो स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते पाय कुणाचे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

कॅमेरा घेतला 2020 च्या शेवटी, सेकंडहँड. लॉकडाउनमध्ये यूट्यूबवर इतके व्हिडिओ पाहिले होते की कॅमेरा हातात येण्याआधीच ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओचं त्रांगडं मला पाठ झालं होतं. इंजिनिअर लोकांना हा छंद लवकर लागतो तो त्यामुळेच. एक वाढवलं की दुसरं कमी करायचं, हिशोब जुळला की फोटो नीट. पहिलं वर्ष लँडस्केपमध्ये गेलं. ट्रायपॉड, पहाटेची थंडी, राजमाची. डोंगर बरा असतो, तो जागचा हलत नाही आणि तक्रार करत नाही.

मग मॅक्रोचं वेड लागलं. रिव्हर्स रिंग नावाची एक स्वस्त कडी मिळते. ती लावून साधी 50 एमएमची लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवली की मुंगीचे डोळेसुद्धा दिसायला लागतात. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या हिरव्या अळ्या यायच्या. ही अळी घाबरली की डोक्यामागून शिंगांच्या जोडीसारखा एक लालसर अवयव बाहेर काढते, आणि उग्र वास सुटतो. समोरच्याला पळवून लावायची तिची ती रीत. मला ते शिंग फोटोत हवं होतं, म्हणून मी तिला टूथपिकने डिवचलं. फोकस चुकला, पुन्हा डिवचलं. असं पाच-सहा वेळा. फोटो छान आला.

पक्ष्यांचा नाद लागला तेव्हा भिगवणला गेलो. उजनीच्या पाणलोटात हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलातून अन्न गाळत असतात. पण तो फोटो कुणाला नको असतो. पंख उघडल्यावर आतला गुलाबी-काळा रंग दिसतो, तो हवा असतो. आमच्या होडीतला एकजण नावाड्याला म्हणाला, ‘‘दादा, अजून थोडं जवळ घ्या ना.’’ आम्ही बाकीचे काही बोललो नाही. सगळ्यांचे कॅमेरे मात्र सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर लावून तयार होते. थवा उडाला. तोही फोटो छान आला.

हे आज सांगताना मी काय करत होतो ते मला स्पष्ट दिसतंय. तेव्हा दिसत नव्हतं, कारण मी शिकत होतो. शिकणाऱ्याला सगळं माफ असतं असा आपला एक समज असतो.

स्ट्रीट फोटोग्राफी सगळ्यात शेवटी आली, कारण माणसांची भीती वाटायची. मंडईत, तुळशीबागेत महिनोन् महिने मी फक्त पाठमोऱ्या माणसांचे फोटो काढले. मग 2023 च्या जूनमध्ये सुट्टी टाकून दिवे घाटात गेलो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हा घाट चढते, आणि त्या दिवशी घाटात वारकऱ्यांच्या खालोखाल गर्दी कॅमेऱ्यांची असते. त्या वर्षी पाऊस लांबला होता, ऊन भाजत होतं. घाटमाथ्यावर एक म्हातारी रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसली होती. मी गुडघ्यावर बसलो आणि पायांचे दहा-बारा फोटो घेतले.

‘‘काढला का फोटू, माऊली?’’

मी दचकलो. हो म्हणालो.

‘‘मग मला कवा देणार?’’

पाठवतो म्हणालो. तिच्याकडे फोन नव्हता. तिने नाव सांगितलं, परभणीकडचं गाव सांगितलं, दिंडीचा नंबर सांगितला. वारीत प्रत्येक दिंडीची जागा रथाच्या पुढे किंवा मागे ठरलेली असते. त्यामुळे तो नंबर म्हणजे चालता-बोलता पत्ताच. मी सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. पुढचे अकरा महिने ती नोंद उघडली नाही.

या अकरा महिन्यांत फोटोला बक्षीस मिळालं आणि तो भिंतीवर चढला. मी रोज त्याच्या समोरून चहाला जायचो. अस्वस्थ वाटलं की मी स्वतःशी वाद घालायचो, आणि माझी बाजू मजबूत होती. फाइल कॉपी केली तर मूळ फाइल जागेवरच असते. तिच्या पायांवरून परावर्तित झालेला प्रकाश मी घेतला नसता तर तो वायाच जाणार होता. तिचं एक कणभरही कमी झालं नाही. शिवाय चेहरा दाखवलेला नाही, म्हणजे तिच्या खासगीपणालाही धक्का नाही. यात चूक कुठे आहे?

मोठ्या लोकांचे दाखलेही होते. पॉल स्ट्रँडने 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका आंधळ्या बाईचा फोटो काढला. कॅमेऱ्याला बाजूने खोटी लेन्स लावून तो भलतीकडेच पाहतोय असं भासवायचा. वॉकर इव्हान्सने 1938 ते 1941 या काळात कोटाखाली कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांचे फोटो घेतले. त्यांचं पुस्तक थेट 1966 मध्ये आलं. विचारून फोटो काढायचं ठरवलं असतं तर यातलं काही आपल्याला दिसलं नसतं, आणि हे म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही.

पण मग डोरोथिया लँजचं प्रकरण वाचलं. 1936, कॅलिफोर्निया, वाटाण्याच्या शेतावर राबायला आलेल्या मजुरांची छावणी. आई, खांद्यावर डोकं टेकलेली मुलं, गालाशी हात. ‘मायग्रंट मदर’ हा फोटो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. लँजने नंतर स्वतःच लिहिलं की तिने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फोटो वर्तमानपत्रात आला, सरकारने छावणीत अन्न पाठवलं. ते पोहोचेपर्यंत ती बाई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं 1978 मध्ये, बेचाळीस वर्षांनी. तोपर्यंत तो चेहरा महामंदीचा चेहरा झाला होता. तिला स्वतःला मात्र फोटोबद्दल कडवटपणाच होता.

म्हणजे ज्या फोटोने सगळ्यात जास्त भलं केलं असं सांगतात, त्यातही ते भलं नेमकं तिच्या वाट्याला आलं नाही. कॉपी-पेस्टच्या माझ्या युक्तिवादात हे कुठे बसत नव्हतं. फ्लॉरेन्सचंही काही कमी झालं नव्हतं, मग ती का चिडली होती?

इंग्रजीत फोटो ‘शूट’ करतात, ‘कॅप्चर’ करतात. सगळी शिकारीची भाषा. मराठीत आपण फोटो काढतो. विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, भिंतीवर चित्र काढतो. आणि कर्जही काढतो. हे लक्षात आलं तेव्हा मी पीएमपीच्या बसमध्ये उभा होतो आणि एकटाच हसलो. कर्ज काढलं म्हणून कुणी चोर ठरत नाही. सावकाराच्या तिजोरीत नोटा कमी झाल्या की नाही हा मुद्दाच नसतो. आपण परत करू असं म्हटलेलं असतं, एवढंच. अळी आणि फ्लेमिंगो मला मागू शकत नव्हते. म्हातारीने तर सरळ मागितलं होतं, पत्त्यासकट.

पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पालखी सासवडला आली. तिथे ती दोन रात्री मुक्कामाला असते, त्यामुळे शोधायला वेळ मिळतो. आठ बाय बाराची प्रिंट पुठ्ठ्यात घालून मी दिंडीचा नंबर विचारत फिरलो. दोन तास लागले. तंबूबाहेर ती भाकरी खात बसली होती. मला तिने ओळखलं नाही, आणि तसं कारणही नव्हतं.

प्रिंट तिने हातात घेतली. सुलटी धरली, मग उलटी धरली, मग पुन्हा सुलटी.

‘‘हे काय?’’

‘‘तुमचा फोटो, आजी. मागच्या वर्षी घाटात काढलेला.’’

‘‘आरं लेकरा, हे तर पाय हायेत. मी कुठाय?’’

शेजारच्या दोन-तीन बायका डोकावल्या आणि हसू लागल्या. एक म्हणाली, पाय कुणाचेबी असतील की. म्हातारीला राग आला नव्हता. ती खरंच शोधत होती. मी चेहरा न दाखवून तिच्यावर उपकार केले होते असं मला वर्षभर वाटत होतं. तिच्या लेखी मी तिला वगळलं होतं.

माझी स्वतःची आजी गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा एकही फोटो सापडला नाही. आतेभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने तिला कापून काढलं आणि मागे निळा रंग भरला. डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा राहिलाय, तो अजून तसाच आहे. भिंतीवर लावायला आपला एक बरा फोटो असावा, हे म्हाताऱ्या माणसांचं रीतसर नियोजन असतं. आपल्याला ते अभद्र वाटतं आणि आपण विषय बदलतो.

‘‘आता काढ,’’ ती म्हणाली. ‘‘नीट काढ. भिंतीवर आमच्या मालकाच्या फोटूशेजारी लावायचाय.’’

भाकरी बाजूला ठेवून तिने हात धुतले, पदर सारखा केला. मग आत जाऊन तुळस आणली, डोक्यावर घेतली आणि उभी राहिली. ताठ, बरोबर मध्यभागी, नजर लेन्सवर, ओठ मिटलेले. कुठल्याही वर्कशॉपमध्ये असा फोटो दाखवला तर तुमची खैर नाही. सब्जेक्ट मधोमध, प्रकाश सपाट, चेहऱ्यावर भाव नाहीत. मी एकदा सवयीने म्हणालो, ‘‘आजी, जरा इकडे बघितल्यासारखं करा ना, सहज.’’ तिने बघितलं नाही. दोन तंबूंमधल्या बोळात मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून जसं जमलं तसं काढलं. दिंडीबरोबर आलेल्या तिच्या नातवाचा नंबर घेतला. आठ दिवसांत फ्रेम करून कुरिअरही केली.

पायांची प्रिंट तिने परत दिली. ती माझ्या कपाटात आहे. ऑफिसातला कॅनव्हास अजून भिंतीवरच आहे. ‘श्रद्धा’ काढून तिचं नाव लिहावं का, असं मी त्या नातवाला विचारलं होतं. तो म्हणाला, आजीला विचारून सांगतो.

त्याचा फोन आला तो दिवाळीनंतर. कॅनव्हासचा विषय त्याने काढलाच नाही. फोटो लावलाय म्हणाला, आजोबांच्या शेजारी, सगळ्यांना आवडला. ‘‘फक्त आजी म्हणती, वरची तुळस कापली गेलीय. पुढल्या साली परत काढा म्हणती, पूर्ण.’’