उद्याची खबर नसलेली कबुली

रोजनिशी खरी का मानायची, तर ती कोणी वाचणार नसते म्हणून, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. सॅम्युअल पेपिसने १६६० ते १६६९ पर्यंतची रोजनिशी लघुलिपीत लिहिली. स्वतःची लफडी तर परभाषांचे तुकडे पेरून आणखी झाकली. मात्र त्याच वह्या त्याने नीट बांधून ग्रंथसंग्रहात ठेवल्या आणि तो संग्रह पुढे केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे जाईल अशी तजवीजही केली. त्याला वाचक नकोच होता, असे कसे म्हणावे? सम्राट मार्कस ऑरेलियसची टिपणे तर केवळ स्वतःसाठी होती, तरी त्यांत तो स्वतःलाच ‘तू’ म्हणून बजावत राहतो. एकांतातही माणसाला ऐकणारा लागतो. म्हणून रोजनिशीचे खरेपण गुप्ततेत नाही. उद्या काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, त्यात ते आहे.

टॉल्स्टॉयकडे पाहिले की हे स्पष्ट होते. १८४७ मध्ये त्याने रोजनिशी सुरू केली. जुगार, वासना, आळस यांची नोंद, मग निश्चय, मग तो मोडल्याची नोंद, असे ते वर्षानुवर्षे चालते. पन्नाशी उलटल्यावर लिहिलेल्या आत्मकथनपर कबुलीत मात्र तारुण्यातली सारी पापे तो थोडक्या ओळींत मोजून टाकतो. ते कथन प्रामाणिक आहे, यात मला शंका नाही. पण ते वळण पार केलेल्या माणसाचे आहे. पश्चात्ताप आयुष्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग पाडतो. रोजनिशीला ती सोय नसते. आजचा निश्चय टिकेल असे मानूनच माणूस तो लिहितो, आणि दोन पानांनंतर तोच हरलेला दिसतो.

यावर कोणी विचारील, मग १९१० मध्ये टॉल्स्टॉयने केवळ स्वतःसाठी वेगळी वही का केली? पत्नी सोफिया आणि शिष्य चेर्तकोव यांच्यात त्याच्या रोजनिशांवरून ओढाताण चालली होती, आणि वाचक असला की हात आवरतो हे खरेच आहे. पण आवरलेला शब्द खोटाच असतो असे नाही. ॲन फ्रँकने १९४४ मध्ये लंडनहून आलेले रेडिओवरचे आवाहन ऐकले आणि पुस्तक करायचे म्हणून आपली वही पुन्हा लिहायला घेतली. वाचक समोर ठेवून तिने भाषा घासली, प्रसंग निवडले. तरीही २१ जुलैला ती ऑक्टोबरमध्ये शाळेत जायच्या आशेने हरखलेली आहे. अटक झाली ४ ऑगस्टला. संस्काराने वाक्य बदलते, ते अज्ञान बदलत नाही.

अर्थात रोजनिशीतही माणूस खोटे लिहू शकतो, पाने फाडू शकतो. टॉल्स्टॉयलाही तो मोह झाला. २७ मार्च १८९५ रोजी मृत्युपत्रासारखी सूचना लिहिताना अविवाहित काळातल्या रोजनिशा नष्ट कराव्यात, असे त्याने आधी सुचवले आणि मग विचार फिरवला. त्या तशाच राहू द्याव्यात, कारण तारुण्यातल्या त्या घाणीतही देवाने आपल्याला सोडले नव्हते एवढे तरी त्यांतून दिसेल, हा त्याचा हेतू होता. त्याच्या धर्मविचारातला हा मला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. निवडून ठेवलेल्या पानांत फक्त सुधारलेला टॉल्स्टॉय उरला असता, आणि देवाने साथ दिली होती ती तर न सुधारलेल्याला.