शीर्षकाचं भांडण

छत्रपती संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्यात दोन आते-मामे भावंडं राहत होती. दोघांनाही नाट्यसंगीताचं वेड. मराठी विकिपीडियावर संगीत नाटकांचे लेख लिहायचे असं त्यांनी ठरवलं आणि सुरुवात अर्थातच अण्णासाहेब किर्लोस्करांपासून केली.

भावाने लेखाला शीर्षक दिलं 'सौभद्र'. रात्री बहिणीने ते बदलून 'संगीत सौभद्र' केलं. छापील पुस्तकावर तसंच असतं, हे तिचं म्हणणं. तिकीट काढताना कोणी 'संगीत' म्हणतं का, हे त्याचं. सकाळी त्याने नाव पुन्हा फिरवलं. मग तिने 'सौभद्र (संगीत नाटक)' करून पाहिलं. हे आठवडाभर चाललं. शेवटी दोघं बोलेनाशी झाली आणि घरच्यांनी त्यांना गल्लीतल्या एका निवृत्त ग्रंथपाल काकांकडे धाडलं.

काकांनी वाचनालयातून मोडीत निघालेला कार्डांचा एक लाकडी खण हौसेने घरी आणून ठेवला होता. कडा मळलेली, खाली भोक पाडून सळईत ओवलेली कार्डं. त्यांनी एक पुढे ओढलं : 'शारदा – पाहा : संगीत शारदा'.

"नुसतं शारदा म्हटलं की देवी आठवते. म्हणून देवलांच्या नाटकाला 'संगीत' हवं. 'स्वयंवर'चं तेच, 'मानापमान'चं तेच. पण 'कट्यार काळजात घुसली'च्या मागे ते कशाला? हां, 2015 साली चित्रपट आला, तेव्हा आता कंसात 'नाटक' लिहा."

"म्हणजे प्रत्येकाला वेगळा नियम?" भाऊ म्हणाला.

"नियम एकच. वाचक ज्या नावाने शोधत येईल ते नाव द्यायचं, आणि घोटाळा होणार असेल तिथेच जोड लावायची."

बहिणीला पटलं. इंग्रजी विकिपीडियावर मोझार्टचा 1786 चा ऑपेरा 'द मॅरेज ऑफ फिगारो' या इंग्रजी नावाने आहे, व्हेर्दीचा 1853 चा 'ला त्राव्हियाता' मात्र इटालियनच राहिला, हे तिने पाहिलं होतं. इंग्रजी वाचक त्यांना त्याच नावांनी ओळखतो.

"आणि उरलेली नावं?"

काकांनी दुसरं कार्ड काढलं. 'खडकी – पाहा : औरंगाबाद'. खाली त्यांनीच 2023 मध्ये निळ्या शाईने 'छत्रपती संभाजीनगर' लिहिलं होतं. "मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली ही खडकी. पुण्याची निराळी, तिला कंस लागणार. फतेहनगर या तिच्या दुसऱ्या जुन्या नावाने शोधणारा एखादाच, पण त्यालाही इथेच आणून सोडायचं. तुमच्याकडे त्याला पुनर्निर्देशन म्हणतात ना? मग भांडता कशाला?"

सौभद्र म्हणजे सुभद्रेचा मुलगा, अभिमन्यूही होतो. तेव्हा 'संगीत सौभद्र'च ठेवा, बाकीची नावं तिकडे वळवा, असा निवाडा झाला. बहीण जिंकल्यासारखी हसली. तेवढ्यात काका म्हणाले, "बरं, आता लेख वाच."

लेखात दोन ओळी होत्या. नाटक मराठी आहे. ते किर्लोस्करांनी लिहिलं आहे.

"पहिले तीन अंक पुण्यात 1882 च्या नोव्हेंबरात झाले, ते कुठंय? भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा कुठंय? बलराम बहीण दुर्योधनाला द्यायला निघतो आणि कृष्ण आतून अर्जुनाची बाजू घेतो, ते? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!"

दोघं खाली मान घालून बसली. त्या रात्री शीर्षकाला कोणी हात लावला नाही. भावाने कथानक लिहिलं, बहिणीने पात्रांची यादी केली.

वाचकहो, तुमच्या घरी जुन्या नाटकाची एखादी जाहिरात किंवा पुस्तिका पडली असेल, तर तिच्यावरची तारीख, नाट्यगृह आणि नटांची नावं आधी त्या नाटकाच्या लेखात घाला. शीर्षक खटकत असेल तर चर्चापानावर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत ते आहे तसं राहू द्या.