शेवाळाने बांधलेले धरण



युरोप खंडातील क्रोएशिया देशात प्लिटवित्से नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते सन १९४९ त स्थापन झाले. तेथे डोंगरांमध्ये १६ सरोवरे पायऱ्यांप्रमाणे एकाखाली एक पसरली असून, वरच्याचे पाणी असंख्य धबधब्यांनी खालच्यात उतरते. उद्यानातील सर्वांत उंच धबधबा ७८ मीटरांचा आहे.

ही सरोवरे अडविणारे बांध कोणी घातले? राजाने नव्हे, गवंड्यानेही नव्हे. तेथील डोंगर चुनखडीचे आहेत. पाणी त्यांतून झिरपताना चुना आपल्यात विरघळवून आणते. ते खडकावर आपटते तेथे त्यातील वायू निघून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. शेवाळाचा खालचा भाग दगड होतो, वरचा वाढतच राहतो. असा बांध वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर चढतो. आणि त्याच्या आधारावर अथांग पाणी उभे राहते!

ह्यावरून आपण काय शिकावे? पहिले हे की, देव क्षुद्र वस्तूंना तुच्छ मानीत नाही. खेड्यातील जो उपदेशक कंदिलाच्या उजेडात चार मुलांस शिकवितो, त्याचे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु मंडळीचा बांध त्यानेच चढतो. आणि लक्षात ठेवा, पाणी जेथे आपटते तेथेच चुना अधिक बसतो. म्हणून ज्या गावी तुम्हांस विरोध सोसावा लागतो, ते गाव निष्फळ समजू नका.

दुसरे हे की, हे काम निर्मळ पाण्यातच चालते. पाण्यात घाण मिसळली की चुना बसण्यास अडथळा होतो. जे शेकडो वर्षांत वाढले, ते एका बेपर्वा पावलाखाली मोडते. म्हणून तेथे पोहण्यासही मनाई आहे. मंडळीतही चहाडी आणि वैर ह्यांचे तसेच आहे.

तिसरी गोष्ट दुःखाची आहे. सन १९९१ च्या मार्च महिन्याची ३१ वी तारीख हा तेथील रोमन कॅथोलिक लोकांचा पुनरुत्थानाचा सण होता. त्याच दिवशी त्या सरोवरांपाशी क्रोएट पोलीस आणि सशस्त्र सर्ब ह्यांच्यात चकमक होऊन दोन्ही पक्षांचा एकेक मनुष्य मेला. दोन्ही लोकांत परंपरेने ख्रिस्ताचेच नाव घेतले जात होते! पुढे जे युद्ध पेटले ते सन १९९५ पर्यंत चालले.

सृष्टीचे सौंदर्य मनुष्याचे अंतःकरण पालटू शकत नाही, आणि सणाचा दिवसही पालटू शकत नाही. ते कार्य केवळ प्रभूचा आत्मा करितो. म्हणून, ज्या भावाशी तुमचे बोलणे बंद आहे, त्याच्या दारी येत्या प्रभुवारापूर्वी जा. बांध मोडला तर पाणी कोणाच्याच वाट्याला राहणार नाही.