ढोली : जुन्या झाडाचा प्रसाद



अवधूताने चोवीस गुरू केले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांत कबुतर आहे, मधमाशी आहे, अजगर आहे. दुसऱ्यासाठी कसे जगावे, हे तर तो झाडाकडून शिकला. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा एकनाथ महाराजांनी आपल्या मराठीत आणली. १५७३ साली काशीत तो ग्रंथ पूर्ण झाला. कथा आपण दरवर्षी ऐकतो, पण त्या गुरूंच्या दर्शनाला किती वेळा जातो? फाल्गुन त्यासाठीच असतो.

म्हणून यावेळचा रविवारचा सत्संग आम्ही बेरसिया रस्त्यावरच्या जगदीशपूरला, चमन महालाच्या बागेत केला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दोस्त मोहम्मद खानाची राजधानी इथे होती. राज्य गेले, दरबार गेला. आता रोज सकाळी न चुकता हजेरी लावतात ते पक्षी.

मोबाईल पिशवीत ठेवून अर्धा तास नुसते बसलो. मुले आधी कंटाळली, मग त्यांनाच सगळ्यात जास्त दिसू लागले. पळस फुललेला, काटेसावरीवर भोरड्यांचा गलका, तांबटाचे एका लयीत टुक-टुक, पिंपळाला तांबूस पालवी. आणि एका जुन्या झाडाच्या ढोलीत डोकावून पाहणारी राखी धनेशाची जोडी.

धनेशाचा संसार ऐकण्यासारखा आहे. मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फटच ठेवते. अंडी उबवून पिल्ले जरा मोठी होईपर्यंत ती आतच. नर उंबर-वडाची फळे आणून त्या फटीतून भरवत राहतो. तिची श्रद्धा आणि त्याची सेवा, दोन्ही एका फटीवर उभी!

पण या दोघांनाही घर दिले कोणी? झाडाने. आणि कसे दिले बघा. कधीतरी फांदी मोडली, जखम झाली, आतले लाकूड हळूहळू झिजले, पोकळी झाली. झाडाने ती पोकळी कुरवाळत दुःख केले नाही. तिथे कोणाचा तरी संसार मांडू दिला. आपल्यालाही घाव बसतात. माणूस जातो, धंदा बुडतो, मुले दूर राहायला जातात. मन पोकळ होते. त्या पोकळीत कडवटपणा भरायचा की कोणाला तरी जागा द्यायची, एवढेच आपल्या हातात असते. साधना म्हणतात ती हीच.

आणखी एक गोष्ट. जून २०२४ मध्ये आपल्याच शहरात शिवाजी नगर-तुलसी नगरची सुमारे २९ हजार झाडे तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा बायका-मुलांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. अशा वेळी “एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू” असे सांगितले जाते. रोपे जरूर लावावीत. पण रोपाला ढोली नसते. ती व्हायला पिढी जावी लागते. धनेशाने या वर्षी कुठे जायचे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही तसेच आहे. काम होत नाही म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवतो, पण नातवंडाला रडायला जागा त्यांच्याच कुशीत मिळते.

चैत्र पाडव्यापर्यंत प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे:

🌿 एका रविवारी मुलांसह अर्धा तास झाडाखाली, मोबाईलशिवाय.
🌿 कॉलनीतले जुने झाड छाटायला माणसे आली, तर आधी ढोली आणि घरटी पाहायला सांगणे. वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल, तर राहू द्यावी. तांबट त्यातच घर कोरतो.
🌿 घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्धाजवळ रोज दहा मिनिटे बसणे. सल्ला न देता.

जे दिसले, ते मुलांकडून ग्रुपवर लिहवून घ्या. फोटो नसला तरी चालेल.

सर्वांचे कल्याण होवो. जय गुरुदेव 🙏